पाळी बदलली की भांडण सुरू! माणसं चांगली आहेत पण टीम म्हणून काम पुढं सरकत नाही, काय करावं?

नवा_सुपरवायझर_उद्यमबाग

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागला एका मशीन शॉपमधे आहे मी. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉड्या आणि स्लीव्ह करतो आम्ही, कास्टिंग बाहेरच्या फौंड्रीतनं येतंय, आमच्याकडं सीएनसी, व्हीएमसी ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, मग क्यूसी म्हणजे तपासणी, आणि डिस्पॅच. ह्या उन्हाळ्यात मला सुपरवायझर केलं. आधी ह्याच शॉपमधे ऑपरेटर होतो म्हणजे सगळे ओळखीचेच, दोन पाळ्या मिळून 14 माणसं. येळ्ळूर, देसूर, मच्छे, पिरनवाडीची पोरं जास्त, दोघं बैलहोंगलकडचे कन्नड बोलणारे, तिघं बिहारचे. एकेकटा बघितला तर कामाला कुणीच कमी नाही, पण सगळ्यांनी मिळून करायची वेळ आली की अडतंय.

काय होतंय ते नीट सांगतो. स्लीव्हचा 16 एमएमचा बोअर (आतलं भोक) आहे, टॉलरन्स एच सेव्हन, म्हणजे शून्य ते प्लस 18 मायक्रॉन, त्याच्या वर गेला की पीस भंगारात. रात्रपाळीत इन्सर्ट (टूलची कापणारी टिकली) झिजत जाते तसा बोअर बारीक यायला लागतो, मग ऑपरेटर मशीनमधला ऑफसेट, म्हणजे झीज भरून काढायचा आकडा, थोडा थोडा वाढवत नेतो, बरोबरच करतो तो. पण सुट्टी झाली की हात धुतले, गाडीला किक मारली, गेला. सकाळचा येतो, इन्सर्ट संपलीय म्हणून नवी लावतो, ऑफसेट तसाच राहतो आणि बोअर मोठा होतो. बारीक राहिलेला बोअर परत मारता येतो, मोठा झालेल्याचं काय करणार? मग सकाळचा म्हणतो रात्रवाल्यानं घोळ घातला, रात्रवाला म्हणतो मी सोडला तेव्हा पीस ओके होता, आणि दोघंही खरंच बोलत असतात.

दुसरं कास्टिंगचं. आतला ब्लो होल (ओतताना वायू अडकून राहिलेली पोकळी) मशीनिंग झाल्याशिवाय दिसत नाही, तोपर्यंत आमची दोन तीन ऑपरेशनं झालेली असतात. फौंड्रीवाले म्हणतात मशीनिंग केलेला पीस आम्ही परत घेत नाही, क्यूसी म्हणतो ऑपरेटरनं पहिल्या कटलाच बघायला पाहिजे होतं, ऑपरेटर म्हणतो बघणं क्यूसीचं काम. सोमवारी मीटिंग घेतो तर सगळे गप्प, काही अडचण आहे का विचारलं की माना हलवतात, आणि तीच माणसं टपरीवर चहाला गेली की सगळं बोलतात. व्हॉट्सॅप ग्रुपवर काम टाकलं की धडाधड अंगठे येतात आणि संध्याकाळी बघावं तर कुणीच केलेलं नसतं. एक जुने सेटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, फिक्स्चर (मशीनवर पीस पकडायची चौकट) लावताना कुणाला जवळ उभं करत नाहीत, ते रजेवर गेले की मशीन उभी. त्यात मालक मधेच थेट ऑपरेटरला फोन करतात, तो जॉब काढ हा लाव म्हणून.

मालकांचं म्हणणं सगळ्यांना एक दिवस आंबोलीला नेऊया, टीम बिल्डिंग करूया. जायला माझी ना नाही पण त्यानं हे सुटेल का? कुठनं सुरुवात करू? तुमच्याकडं कुणी हे निस्तरलं असेल तर सांगा.

अनगोळचे_फौंड्रीकाका

बाळा, आधी अभिनंदन. त्याच शॉपमधला माणूस सुपरवायझर झाला ही चांगली गोष्ट, बोअर म्हणजे काय हे तुला कुणी शिकवायला नको. आंबोलीला जरूर जा, एकमेकांच्या घरची माहिती होते, त्याचाही उपयोग असतो. पण परत आल्यावर तो ऑफसेट मशीनमधे तसाच बसलेला असणार बघ.

माझी सगळी नोकरी फौंड्रीत आणि शेवटची वर्षं मशीन शॉपमधे गेली, म्हणून ठामपणे सांगतो, तुझ्या पहिल्या भांडणात माणसाचा दोष कुठंच नाही. रात्रीच्या पोराला जे ठाऊक होतं ते सकाळच्या पोरापर्यंत पोचायला वाटच नाही. ती वाट तू करून दे, निम्मी भांडणं तिथंच मिटतील. पाळी बदलताना दोघांनी मशीनसमोर उभं राहायचं, ऑफिसात नाही, गेटवर नाही, मशीनसमोर, आणि मशीनला दोरीनं बांधलेली एक वही ठेवायची. वहीत फार लिहायला लावू नकोस नाहीतर आठवड्यात बंद पडेल. इन्सर्ट कधी बदलली, आत्ता ऑफसेट किती आहे, शेवटच्या पिसाचं माप किती आलं, आणि काही संशय आहे का, एवढंच. संशयाचा रकाना वगळू नकोस, स्पिंडलला आवाज येतोय वाटतं, कुलंट कमी पडतंय वाटतं, असलं तिथंच येतं आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं असतं. सही येणाऱ्यानं करायची, जाणाऱ्यानं नाही. जाणारा घाईत काहीही लिहून सही मारून जाईल, पण येणाऱ्याची सही असली की तो विचारणार की बाबा हे काय लिहिलंयस. आणि इन्सर्ट बदलली की झिजेचा ऑफसेट आधी शून्यावर, पहिला पीस मोजल्याशिवाय दुसरा लावायचा नाही, हे मशीनच्या दारावर मोठ्या अक्षरात चिकटव, मराठीत, कन्नडमधे आणि हिंदीत.

आता खरी अडचण. ही दहा मिनिटं कुणाची? पाळी संपल्यावर पोरगं दहा मिनिटं फुकट थांबणार नाही, थांबावं असं मला वाटतही नाही, त्याला देसूर येळ्ळूरला पोचायचं असतं, घरी जनावरं असतात. पाळ्या दहा मिनिटं एकमेकांवर चढवून घे आणि त्याचा पगार मालकाकडनं मंजूर करून घे. महिन्यात किती स्लीव्ह मोठ्या बोअरनं भंगारात गेल्या त्याचा आकडा काढून ने, नुसत्या तोंडानं सांगू नकोस, मालक मंडळींना आकडा लवकर समजतो.

कास्टिंगसाठी लाल पेटी ठेव. रिजेक्ट झालेला प्रत्येक पीस तिथंच पडला पाहिजे, त्याला चिठ्ठी, तारीख, मशीन, हीट नंबर (धातूच्या कुठल्या वितळणीतलं कास्टिंग ते), कुठल्या ऑपरेशनला दिसलं. आणि रोज ठरलेल्या वेळी पेटीपाशी उभ्यानं दहा मिनिटं, तू, क्यूसी, ज्याच्या मशीनवर सापडलं तो ऑपरेटर, आणि आठवड्यातनं एकदा तरी फौंड्रीचा माणूस. पीस हातात असला की भांडण कमी होतं, हा माझा अनुभव. ब्लो होल कुठल्या बाजूला आहे, एकाच हीटचे आहेत का, एकाच कोअरपाशी (कास्टिंगच्या आतली पोकळी धरणारा वाळूचा तुकडा) येतात का हे डोळ्यांनी दिसतं. कोअर ओला राहिला, व्हेंट बुजली, वाळूत ओल जास्त झाली, असं काहीतरी निघतं आणि फौंड्रीवाल्यालाही घरी नेण्यासारखं काहीतरी मिळतं. टोयोटाच्या ताइची ओनोंनी पाच वेळा 'का' विचारायची सवय लावली होती ती ह्याचसाठी. कुणी केलं हे पहिल्याच प्रश्नात विचारलं की पुढचे चार प्रश्न विचारायला समोर कुणी उरत नाही.

जाता जाता एक. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, 1888 ला बेळगावात सायकलचं दुकान काढून सुरुवात केली आणि 1910 ला तिकडं किर्लोस्करवाडीला गेले. त्यांच्याजवळ सुरुवातीला असलेले अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले होते, ते पुढं त्यांचे कल्पक इंजिनियर झाले. माणूस कुठं बसवायचा हे ओळखणं सुपरवायझरचं अर्धं काम आहे, पोरांकडं त्या नजरेनं बघ.

ओटी_सिस्टर_टिळकवाडी

काकांचं वाचलं, फार छान सांगितलंय. मी ऑपरेशन थिएटरमधे सिस्टर आहे, मशीनमधलं मला काही कळत नाही पण मीटिंगमधे गप्प बसणाऱ्या लोकांबद्दल सांगू शकते कारण आमच्याकडं गप्प बसणं म्हणजे पेशंटच्या जिवाशी खेळ.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 मधे ऑपरेशनसाठी एक चेकलिस्ट काढली, 19 मुद्द्यांची, एका पानावर मावणारी. तीन वेळा थांबायचं, भूल द्यायच्या आधी, कापायच्या आधी, आणि पेशंट थिएटरमधनं बाहेर न्यायच्या आधी. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून बघितली, त्यातलं एक आपल्या दिल्लीतलं होतं, आणि 2009 मधे आकडे छापून आले, मोठ्या गुंतागुंती 11 टक्क्यांवरनं 7 वर आल्या, मृत्यू दीड टक्क्यावरनं 0.8 वर. आता त्या यादीत असं नवीन काय होतं? अँटिबायोटिक दिलं का, कापायची बाजू बरोबर आहे का, कापडं मोजली का, हे सगळ्यांना आधीपण ठाऊक होतंच की. पण त्यात एक मुद्दा असा आहे की कापायच्या आधी प्रत्येकानं स्वतःचं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं. सर्जनपासून नव्या सिस्टरपर्यंत. नवीन मुलगी एकदा तोंड उघडून स्वतःचं नाव बोलली की पुढं काही चुकताना दिसलं तर तिला बोलणं सोपं जातं, पहिला शब्दच जड असतो. हे मी रोज बघते.

म्हणून सुपरवायझर दादा, सोमवारच्या मीटिंगमधे 'काही अडचण आहे का' असं सगळ्यांना मिळून विचारू नका, त्याचं उत्तर नाही असंच येणार. एकेकाला नावानं विचारा, आणि सगळ्यात नव्यापासून सुरुवात करा, मामा आणि तुम्ही शेवटी. मोठा माणूस आधी बोलला की बाकीचे त्याचीच री ओढतात. प्रश्न पण असा विचारा की उत्तर द्यावंच लागेल, ह्या आठवड्यात तुझ्या मशीनवर सगळ्यात जास्त वेळ कशात गेला, असं. आणि बिहारच्या पोरांना हिंदीत, बैलहोंगलच्या दोघांना कन्नडमधे, तुम्हाला येतच असेल. ज्या भाषेत माणूस घरी भांडतो त्या भाषेत त्याला अडचण सांगू द्या.

अजून एक सांगायचंय आणि हे माझ्या मनाच्या फार जवळचं आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला, औषध देण्यातल्या चुका किती होतात ते बघायला. वाटत होतं चांगल्या टीममधे चुका कमी असतील, तर उलटंच निघालं, ज्या टीम चांगल्या होत्या त्यांच्या नोंदीत चुका जास्त! नंतर लक्षात आलं की तिथं चुका जास्त होत नव्हत्या, तिथले लोक चूक सांगायला घाबरत नव्हते. बाकीच्या वॉर्डात चुका लपत होत्या. तुम्ही वही सुरू केली, लाल पेटी ठेवली, की पहिल्या महिन्यात रिजेक्शन वाढल्यासारखं दिसेल. त्यावेळी मालक ओरडले तर सगळं बंद पडणार. त्यांना आधीच सांगून ठेवा की आकडा वर जाणार आहे, आणि का जाणार आहे.

आणि पहिल्यांदा कुणी येऊन सांगेल ना, की सर माझ्याकडनं इतके पीस गेले, त्या क्षणी तुमचा चेहरा कसा होतो तेच सगळी टीम बघत असते. बरं झालं लगेच सांगितलंस, चल बघू, एवढंच म्हणा, मागचापुढचा हिशेब नंतर.

निपाणी_वर्कशॉपवाला

सिस्टर, तुमचं म्हणणं मान्य आहे पण थोडं दुसऱ्या बाजूनं पण बोलतो, माझं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, आठ माणसं. चूक सांगितली की बरं झालं म्हणा हे ठीक, पण तीच चूक तोच माणूस परत परत करत असेल आणि वहीत लिहीत पण नसेल तर काय? तिथं कडक व्हावंच लागतं, नाहीतर नीट काम करणाऱ्या पोराला वाटतं मी कशाला मरू. मी असं करतो की चुकीला शिक्षा नाही पण लपवलेल्या चुकीला आहे, हे सगळ्यांना पहिल्या दिवशीच सांगितलेलं असतं.

पण माझा मूळ मुद्दा वेगळा आहे, तुम्ही कुणी पैशाचं बोलला नाही. सुपरवायझर भाऊ, तुमच्याकडं इन्सेंटिव्ह कसा आहे ते आधी बघा. प्रत्येक ऑपरेटरच्या पिसांच्या आकड्यावर असेल तर वही काय आणि चेकलिस्ट काय, काही चालणार नाही. रात्रवाला शेवटचा अर्धा तास पीस काढण्यात घालवणार की सकाळच्यासाठी इन्सर्ट बदलून ठेवण्यात? बदलून ठेवली तर त्याचे पीस कमी आणि सकाळच्याचे जास्त. त्याला दोष कसा द्यायचा, हिशेबच तसा मांडलाय.

आमच्या निपाणीत विड्यांची मजुरी हजारावर असते, पिढ्यान्‌पिढ्या तसंच चाललंय, कारण एका बाईची विडी दुसरीच्या विडीवर अवलंबून नसते. तुमच्या स्लीव्हचं तसं नाही, एकाच्या हातनं दुसऱ्याच्या हातात जाते. तिथं इन्सेंटिव्ह दोन्ही पाळ्यांचा मिळून ठेवायचा आणि तो पण क्यूसी पास झालेल्या पिसांवर. सुरुवातीला चांगले ऑपरेटर कुरकुर करतात, आमची कमाई दुसऱ्यावर कशाला म्हणून, त्यासाठी थोडा भाग वैयक्तिक ठेवला तरी चालतो पण मोठा भाग मिळून. माझ्याकडं हे केल्यावर पोरं स्वतःच एकमेकाला फोन करायला लागली, अरे तिसऱ्या मशीनचा चक ढिला वाटतोय बघ म्हणून. मी काही बोललो नव्हतो.

खानापूरचा_पुण्यात

मी खानापूरचा, पुण्यात सॉफ्टवेअरमधे आहे. आमच्याकडं मशीन नाही पण ग्रुपवरचे अंगठे तेच असतात बघा 😀

ह्याच्यावर एक जुना प्रयोग आहे. मॅक्स रिंगलमन म्हणून फ्रेंच शेतकी इंजिनियर होता, त्यानं माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला, 1913 ला ते छापलं. माणसं वाढत गेली तसा एकेकाचा जोर कमी होत गेला, आठ जण झाल्यावर प्रत्येकाचा जोर एकट्यानं ओढतानाच्या जवळपास निम्म्यावर आला. कारणं दोन, सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत हे एक आणि बाकीचे ओढूलालेत की असं वाटतं हे दुसरं. ग्रुपवर "सर्वांनी कृपया गेज कॅलिब्रेशनला द्यावेत" असा मेसेज म्हणजे 14 जणांनी दोर धरलाय. तिथं एक नाव आणि एक वेळ लिहा, अमुकनं दुपारी चारपर्यंत तीन नंबरचा प्लग गेज द्यायचा, झालं की फोटो टाकायचा. अंगठा टाकायला बंदी करा सरळ, झालं किंवा अडलं एवढंच लिहायचं.

आणि 14 ची एक टीम धरू नका. 14 माणसांत जोड्या किती होतात बघा, 91! एवढ्या जोड्यांनी एकमेकाला सगळं सांगायचं म्हणजे अशक्यच. चार पाच जणांचे गट करा, स्लीव्हवाले वेगळे, बॉडीवाले वेगळे, प्रत्येक गटात दोन्ही पाळ्यांची माणसं असू दे म्हणजे रात्रवाले आणि सकाळवाले असे दोन पक्ष पडणार नाहीत. हे माझ्या मते फार महत्त्वाचं, पाळीप्रमाणे गट केलात तर भांडण पक्कं होऊन बसेल.

नवा_सुपरवायझर_उद्यमबाग

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. वही सुरू केली, दहा मिनिटांच्या पगाराला मालक हो म्हणाले, काकांनी सांगितल्याप्रमाणे भंगाराचा आकडा नेला होता तेव्हाच झालं. इन्सेंटिव्ह आमच्याकडं प्रत्येकाच्या पिसांवरच आहे, निपाणीवाले दादा तुम्ही नेमकं बोट ठेवलंत, त्याच्यावर मालकांशी बोलणं चाललंय, दिवाळीनंतर बदलूया म्हणतात. सोमवारी सिस्टरांनी सांगितलं तसं सगळ्यात नव्या पोराला आधी विचारलं, बिहारचा आहे, त्यानं सांगितलं की एअर गेजची (हवेच्या दाबावर बोअर मोजणारं) लाईन दुसऱ्या मशीनबरोबर एकच आहे, तिकडं ब्लो गन मारली की इकडं काटा हलतोय. आम्ही सगळे ते रोज बघत होतो आणि कुणीच बोललं नव्हतं! लगेच वेगळा रेग्युलेटर लावला.

पण दोन गोष्टी अडल्यात. मामा आणि मालकांचा फोन. मामांना सांगितलं पोरांना शिकवा, तर हो हो म्हणतात आणि सेटिंग लागलं की पोराला काहीतरी आणायला पाठवतात. आणि मालकांना मी कसं सांगू की फोन करू नका?

अनगोळचे_फौंड्रीकाका

एअर लाईनचं वाचून बरं वाटलं, ह्यालाच म्हणतात.

मामांचं असं आहे. त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघ, वय झालंय, शिक्षण नाही, हातात एकच गोष्ट आहे जी दुसऱ्या कुणाला येत नाही. ती देऊन टाकली तर उद्या मला कोण विचारणार, ही भीती आहे, आणि खोटी भीती नाही ती, आपल्याकडं कितीतरी ठिकाणी असं झालेलं आहे की शिकवून घेतलं आणि मग घरी बसवलं. म्हणून आधी मालकांकडनं मामांबद्दल काहीतरी ठोस घेऊन जा. शिकवण्याचा वेगळा भत्ता असू दे, हुद्दा असू दे, अमुक वर्षांपर्यंत तुमची जागा पक्की असं मालकांनी स्वतः चारचौघांत सांगू दे. ते झाल्याशिवाय नुसतं शिकवा म्हणू नकोस.

मग सेटिंग शीट कर. मामांना लिहायला लावू नकोस, ते लिहिणार नाहीत. फिक्स्चर लावताना एक पोरगा वही घेऊन उभा करायचा, मामा बोलतील तसं लिहायचं, कुठला बोल्ट आधी, डायल कुठं लावायचा, किती रनआउट चालतो, कुठं शिम घालतात. मोबाईलवर फोटो काढायचे, त्यांच्या हाताचे. छापून फिक्स्चरच्या रॅकवर लावायचं आणि वर मामांचं नाव घालायचं, ही सेटिंग अमुक मामांची म्हणून. काम शिकवायला नाही म्हणणारा माणूस आपलं नाव भिंतीवर लागतंय म्हटल्यावर पोराला दोन गोष्टी जास्त सांगतो. शिष्य त्यांनाच निवडू दे, तू निवडलेला त्यांना चालणार नाही.

निपाणी_वर्कशॉपवाला

मालकांच्या फोनचं मी सांगतो कारण मी पण तसे फोन करायचो, हौसेनं नाही करत आम्ही, गिऱ्हाईक तिकडनं बोंबलत असतंय. फोन करू नका असं सांगायला जाऊ नका, चिडतील. एक फळा लावा शॉपमधे, आजचा प्लॅन, कुठल्या मशीनवर कुठला जॉब, आणि जॉब बदलायला किती वेळ जातो तो पण समोर लिहा. फिक्स्चर काढायचं, नवं लावायचं, फर्स्ट पीस पास करायचा, ह्यात जेवढा वेळ जातो तेवढे पीस गेले. मालकांचा फोन आला की ऑपरेटरनं नाही म्हणायचं नाही, 'सुपरवायझरना देतो' म्हणायचं आणि फोन तुमच्याकडं. तुम्ही सांगायचं, लावतो साहेब, पण हा काढला तर त्या गिऱ्हाईकाचे उद्याचे एवढे पीस मागं पडतील, कुठला पुढं घेऊ? निर्णय त्यांचाच राहू दे. बहुतेक वेळा ते म्हणतील राहू दे, आहे तेच चालू दे. आणि जेव्हा खरंच निकड असेल तेव्हा बदला, कुरकुर न करता बदला, धंदा त्यांचा आहे.

खानापूरचा_पुण्यात

एक राहिलं. रजेचं काय करताय? पाऊस लागला की आमच्या तालुक्यात भाताची लावणी, मग सुगी, मधे गणपती, आणि प्रत्येक गावची जत्रा वेगळ्या दिवशी. माझा भाऊ मच्छेत कामाला आहे, लावणीच्या वेळी निम्मी माणसं न सांगता गैरहजर राहूलालेत आणि आलेले लोक दुप्पट काम करून वैतागूलालेत, तिथनं पण भांडणं सुरू होतात. वर्षाच्या सुरुवातीलाच एक कॅलेंडर लावा आणि ज्यानं त्यानं आपल्या गावची जत्रा, लावणीचा अंदाज त्यावर लिहायचा. लावणीला रजा मिळणारच हे ठाऊक असलं की माणूस पोट दुखतंय असं सांगत नाही. बैलहोंगलच्या लोकांची सुगी वेगळ्या वेळी येते, बिहारचे छटला जातात, म्हणजे एकमेकाची बाजू सांभाळायला सोयीचंच आहे की.

नवा_सुपरवायझर_उद्यमबाग

कॅलेंडरचं उद्याच करतो, ह्यावर्षी लावणीत आमची दोन मशीन बंद होती. मामांसाठी मालकांशी भत्त्याचं बोलतो. काका, एक विचारायचं होतं, बैलहोंगलचे दोघं वही कन्नडमधे लिहितात, आणि सकाळी त्या मशीनवर येळ्ळूरचा पोरगा असतो, त्याला बोललेलं कळतं पण वाचता येत नाही. त्यांना मराठीत लिहा म्हणून सांगू का?

अनगोळचे_फौंड्रीकाका

अजिबात सांगू नकोस. इन्सर्ट, ऑफसेट, माप हे सगळे आकडेच आहेत, त्याला भाषा लागत नाही. वहीच्या वरच्या रकान्यांची नावं तिन्ही भाषांत छापून घे. राहिला संशयाचा रकाना, तो ज्याला जसा येतो तसा लिहू दे, आणि सहीच्या आधी मशीनसमोर तोंडानं सांगायचा, त्यासाठीच तर ती दहा मिनिटं मागून घेतलीस ना. न समजता सही करायची नाही एवढं मात्र येळ्ळूरच्या पोराला बजावून सांग.